नेपाळला फोन लावायचाय: मोफत कॉलच्या त्या दोन-तीन दिवसांत काय करायचं

२५ एप्रिल २०१५, शनिवार. रत्नागिरीजवळच्या आमच्या बागेत सकाळपासून आंबे उतरवायचे झेले चालू होते. हापूसचा ऐन भर, पेट्या भरून ट्रक संध्याकाळी वाशीला निघायचा होता. आपल्याकडे ११ वाजून ४१ मिनिटं झाली होती, नेपाळात ११ वाजून ५६. त्या क्षणी गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. आमच्याकडे पानही हललं नाही. वडील जेवायला घरी आले, टीव्ही लावला आणि ताट तसंच ठेवून बागेत परत गेले. बागेत नऊ नेपाळी माणसं होती.

कोकणातल्या आंब्याच्या बागा राखायला, फवारणीला, तोडणीला नेपाळी माणूस नाही असं गाव आता शोधावं लागेल. मासेमारीच्या बोटींवर तेच, पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या फाटकावर तेच, गोव्यातल्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात तेच. त्यांच्या गावावर आपत्ती कोसळते तेव्हा ते आपल्या अंगणात उभे असतात आणि त्यांच्या हातातला फोन लागत नसतो.

त्या वेळी एअरटेलने भारतातून नेपाळला केलेले कॉल ४८ तास मोफत केले. बीएसएनएलने तीन दिवस नेपाळचा कॉल स्थानिक दराने दिला. व्हायबर आणि स्काइपने नेपाळातल्या मोबाईल-लँडलाइनवरचे कॉल मोफत केले. एवढं सगळं असूनही आमच्या बागेत घरचा पहिला आवाज ऐकू आला तो रविवारी पहाटे तीनच्या सुमारास. मधल्या वेळातला बराचसा उशीर आमच्या न कळण्याने झाला होता. २०२३च्या नोव्हेंबरात जाजरकोटला भूकंप झाला, २०२४च्या सप्टेंबरअखेर काठमांडूच्या खोऱ्यात पूर आला, तेव्हा आम्ही बरेच शहाणे झालो होतो. सवलत असो वा नसो, पद्धत हीच. ज्यांच्याकडे अशी माणसं कामाला आहेत, किंवा ज्यांच्या घरचं कुणी पशुपतिनाथला, ट्रेकला गेलेलं आहे, त्यांच्यासाठी ती सविस्तर लिहिते आहे.

सवलत म्हणजे नेमकं काय

आपण नेपाळला फोन करतो तेव्हा आपली कंपनी तो कॉल तिथल्या कंपनीच्या हवाली करते आणि पुढे पोचवण्यासाठी मिनिटामागे ठरलेले पैसे तिला देते. आयएसडी, म्हणजे परदेशी कॉल, महाग असतो त्याचं एक मोठं कारण हे. सवलत जाहीर होते तेव्हा हे पैसे आपली कंपनी स्वतः सोसते, किंवा दोन्ही कंपन्या मिळून सोडून देतात. म्हणून सवलतीला मुदत असते. दोन दिवस, तीन दिवस, फार तर थोडे जास्त. बातमी कानावर आली की आधी चार गोष्टी बघायच्या: कोणत्या कंपनीची सवलत आहे, कधीपासून कधीपर्यंत, फक्त कॉल की एसएमएससुद्धा, आणि प्रीपेड-पोस्टपेड दोन्हींना की एकालाच. ‘मोफत’ आणि ‘स्थानिक दराने’ यांतही फरक आहे. आमच्या घरात पहिल्या संध्याकाळी दोन कंपन्यांच्या बातम्यांची सरमिसळ झाली आणि ज्या सिमला मोफत नव्हतं त्यावरूनच आम्ही तासभर झगडत बसलो.

अजून एक घोळ नेहमी होतो. तुमचा माणूस भारतातलं सिम घेऊन नेपाळात गेला असेल, तर तुमच्या दृष्टीने तो साधा देशातला कॉल असतो. खर्च पडतो तो त्याला, रोमिंगमध्ये कॉल उचलल्याचा. नेपाळला केलेल्या कॉलची सवलत त्याला लागू होत नाही. रोमिंगची माफी कंपन्या वेगळी जाहीर करतात आणि ती वेगळीच विचारावी लागते. नेपाळी सिमवर मात्र तिथे बसून फोन उचलणाऱ्याला पैसे पडत नाहीत.

पहिला तास: फोन नको, एसएमएस

बातमी कळताच हात नंबराकडे जातो. त्याच मिनिटाला लाखो हात तेच करत असतात. एका टॉवरवर एका वेळी ठरावीकच कॉल मावतात. त्यातून वीज गेलेली असते, टॉवर बॅटरीवर किंवा डिझेलवर चाललेला असतो आणि काही तासांनी तोही बंद पडतो. दर दहा सेकंदांनी रिडायल केल्याने आपला कॉल लागायची शक्यता फारशी वाढत नाही, पण तिथे ढिगाऱ्याखालून कुणी मदतीसाठी फोन लावत असेल त्याच्या वाटेत आपण उभे राहतो. हे कळायला मला वेळ लागला. कळल्यापासून मी पहिल्या तासात कुणालाही कॉल करू देत नाही.

एसएमएसचं तंत्र वेगळं आहे. त्याला जागा अगदी थोडी लागते, आणि समोरचा फोन बंद असेल तर तो कंपनीच्या केंद्रात थांबून राहतो. फोन चालू होऊन रेंज मिळाली की पोचतो. कॉलला ही वाट बघण्याची सोय नाही.

एसएमएस लिहिताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. देवनागरीत लिहिलेल्या एका एसएमएसमध्ये ७० च अक्षरं मावतात, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, रिकामी जागा सगळं मोजलं जातं. जास्त झालं की त्याचे दोन-तीन तुकडे होतात, आणि जाम झालेल्या जाळ्यात एक तुकडा पोचतो, दुसरा राहतो. तेव्हा छोटं लिहा. आमच्याकडे हे वाक्य वहीतच लिहून ठेवलंय: ‘सबै ठीक छौ? कहाँ छौ? छोटो मेसेज पठाऊ’, म्हणजे सगळे ठीक आहात ना, कुठे आहात, छोटा मेसेज पाठवा. नेपाळी वाक्य सगळं मिळून चाळीस अक्षरांच्या आत बसतं. नेपाळीची लिपी आपलीच असल्यामुळे हे आपणही टाइप करू शकतो. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या वतीने लिहिलं तर शेवटी त्याचं नाव टाकायला विसरू नका. माझ्या फोनवरून गेलेला पहिला संदेश कुणाचा आहे हे धादिंगच्या त्या घराला कळलंच नव्हतं.

सिम तयार आहे का

नऊ माणसांत चार मोबाईल होते आणि चारपैकी एकाही सिमवरून परदेशी कॉल जात नव्हता. एरवी ती मंडळी बाजारात गेली की एका दुकानातून घरी फोन करायची. रोजच्या ‘अनलिमिटेड’ पॅकमध्ये आयएसडी धरलेलं नसतं, आणि पुष्कळ सिमवर ती सोय बंदच असते. ती चालू आहे का हे कंपनीच्या अ‍ॅपमध्ये दिसतं, नाहीतर ग्राहक सेवेला फोन करून चालू करून घ्यावी लागते. आपत्तीच्या दिवशी ग्राहक सेवेचा फोनही लागत नाही, म्हणून हे काम आजच करा.

प्रीपेडवर आणखी एक अडचण येते. कॉल मोफत असला तरी मुख्य बॅलन्स शून्य असेल तर काही वेळा यंत्रणा तो जाऊच देत नाही. थोडे पैसे मुख्य बॅलन्समध्ये ठेवा. मुख्य बॅलन्स म्हणजे पॅक नव्हे, टॉप-अप. दुकानात मागताना नीट सांगा, नाहीतर पॅकच मारून देतात. सवलतीचे दिवस चालू असताना आमच्या बाजारातल्या एका दुकानदाराने आमच्याच दोन पोरांना ‘नेपाळ पॅक’ म्हणून काहीतरी विकलं. ज्याच्या हातात फोन आहे त्याला सवलत चालू असल्याचं कुणी सांगितलेलंच नसेल तर अशी फसगत होते. बागेत, बोटीवर, फाटकावर जाऊन हे तोंडी सांगणं हे मालकाचं, सोसायटीच्या सेक्रेटरीचं काम आहे असं मी मानते.

नंबर कसा फिरवायचा

आधी अधिकाचं चिन्ह किंवा दोन शून्यं, मग नेपाळचा क्रमांक ९७७, मग नंबर. मोबाईल नंबर दहा अंकी असतो आणि बहुधा ९८ किंवा ९७ने सुरू होतो. इथेच गंमत होते: आपले नंबरही दहा अंकी आणि ९८नेच सुरू होणारे. ९७७ न लावता फिरवला तर फोन भारतातल्याच कुणा अनोळखी माणसाला लागतो. त्या शनिवारी रात्री असा एक कॉल नागपूरला गेला. त्या बाईंनी आवाज ऐकून चौकशी केली आणि धीर दिला, तो भाग वेगळा.

लँडलाइन असेल तर गावाच्या कोडमधलं सुरुवातीचं शून्य गाळायचं. काठमांडू, ललितपूर, भक्तपूर यांचा कोड ०१ आहे, तो आपल्याकडून ९७७ नंतर नुसता १ होतो. आणि तिथल्या पोलिसांचा १००, रुग्णवाहिकेचा १०२ हे नंबर इथून फिरवू नका. इथून १०० लावला तर तो आपल्याच पोलिसांना लागेल.

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे आहे. ‘आठ वाजता फोन करतो’ असं ठरवलंत तर कुणाचे आठ हे बोलून घ्या. तिकडचा माणूस बॅटरी वाचवण्यासाठी ठरल्या वेळेपुरताच फोन चालू करत असतो.

आधी कोण

त्या रात्री आमच्या अंगणात एक फोन चालू होता आणि नऊ माणसं रांगेत होती. जो पुढे सरकेल त्याचा नंबर, असं चाललं होतं. बागेतले सर्वांत जुने राखणदार, ज्यांना आम्ही सगळेच दाजू (नेपाळीत थोरला भाऊ) म्हणतो, एका कोपऱ्यात गप्प बसून होते. आईने विचारलं तेव्हा बोलले, ‘काकी, माझं घर धादिंगला आहे.’

आम्हाला धादिंग कुठे हे माहीत नव्हतं. बाकीचे सात जण अछाम आणि बझांगचे, म्हणजे नेपाळच्या पार पश्चिमेचे. तिकडे हानी फारशी नव्हती. दाजू आणि त्यांचा भाचा मात्र गोरख्याला लागून असलेल्या धादिंग जिल्ह्याचे, भूकंपाच्या अगदी तोंडाशी. नकाशा काढून बघितल्यावर मग त्या सात जणांनीच फोन दाजूंच्या हातात दिला.

म्हणून सांगते, फोन हातात घेण्याआधी नकाशा उघडा. प्रत्येकाला जिल्हा विचारा. ‘नेपाळ’ हे उत्तर पुरेसं नाही. २०१५ मध्ये सर्वांत जास्त मृत्यू सिंधुपाल्चोकमध्ये झाले. गोरखा, धादिंग, नुवाकोट, रसुवा, दोलखा हे जिल्हे जवळजवळ उद्ध्वस्त झाले. एकूण सुमारे ९,००० माणसं गेली. २०२३ मध्ये मात्र उलट झालं. जाजरकोट आणि पश्चिम रुकुम हे पश्चिमेचे जिल्हे, आणि त्या वेळी चिंता करायची पाळी वेगळ्या माणसांची होती. ज्याचा जिल्हा सर्वांत जवळ, तो पहिला. ज्यांची गावं सुरक्षित आहेत त्यांना फक्त एसएमएस करू द्या. समजावून सांगितलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही.

लागल्यावर काय बोलायचं

कॉल मोफत असला तरी समोरच्याची बॅटरी मोफत नाही. तिथे वीज नसते, चार्जिंगची जागा मैलभर लांब असते. पहिल्या मिनिटात ही माहिती घ्या: कोण कोण सुखरूप आहे, कुणाला लागलंय का, आत्ता कुठे झोपताय, पाणी-अन्न आहे का, आणि पुढचा फोन कधी. रडणं, बोलणं, धीर देणं त्यानंतर. कठोर वाटेल. पण दाजूंच्या पहिल्या कॉलमध्ये दोन्हीकडून नुसतं रडणं ऐकू येत होतं आणि चाळीस सेकंदांत कॉल तुटला. घर पडलंय एवढंच कळलं. आई कुठे आहे हे विचारायचं राहूनच गेलं. दुसरा कॉल लागायला दुपार झाली. आई सुखरूप होती, शेतात ताडपत्रीखाली. ते दहा-अकरा तास कसे गेले ते मी बघितलंय.

बोलताना दुसऱ्या कुणी कागद-पेन घेऊन शेजारी बसावं. बोलणाऱ्याला काही आठवत नाही. शेजाऱ्यांचीही विचारपूस करून घ्या, कारण एका वाडीतला एक फोन लागला की पाच घरांची खबर मिळू शकते, आणि ती खबर इथे दुसऱ्या बागेतल्या कुणाला तरी हवी असते. आम्ही त्या आठवड्यात आजूबाजूच्या बागांमध्ये अशा चिठ्ठ्या पोचवल्या.

पहाटेची वेळ बरी, त्या वेळी जाळ्यावर गर्दी कमी असते. एरवी झोपमोड झाली असती, पण पहिल्या काही रात्री धक्के चालूच होते आणि लोक उघड्यावर जागे होते.

लागतच नसेल तर

घरचा मोबाईल बंद असेल तर गावातली लँडलाइन शोधा. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजकडून मिळते, त्यामुळे घरात अंधार असला तरी ती चालू राहू शकते. शाळा, स्वास्थ्य चौकी, सहकारी संस्था, वडा (म्हणजे वॉर्ड) कार्यालय. नेपाळात २०१७ पासून गावांचा कारभार ७५३ स्थानिक पालिकांकडे आहे आणि पत्त्यात वडा क्रमांक असतो. तो माहीत असेल तर वडा अध्यक्षांपर्यंत पोचता येतं. मग मधला माणूस शोधा: काठमांडूत किंवा तराईत राहणारा, आपत्तीच्या बाहेर असलेला एक नातेवाईक, ज्याला दोन्ही बाजू निरोप देतील. जपानमध्ये १९९५ च्या कोबेच्या भूकंपानंतर यासाठी १७१ ही सेवाच उभारली गेली: आपत्तीत सापडलेल्याने तिथे छोटा निरोप बोलून ठेवायचा, नातेवाइकाने त्याचा फोन नंबर टाकून तो ऐकायचा. आपल्याकडे तशी सेवा नाही, म्हणून हा मधला माणूस आपणच ठरवून ठेवायचा.

इंटरनेट थोडंफार चालू असेल तर व्हायबर, मेसेंजर, व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी निरोप टाकून ठेवा. २०१५ मध्ये फेसबुकने ‘मी सुरक्षित आहे’ असं कळवायची सोय चालू केली होती आणि गूगलने हरवलेल्यांची नोंद करणारं पान उघडलं होतं. दोन-तीन दिवस काहीच खबर नसेल तर रेड क्रॉसच्या कुटुंबशोध सेवेत नोंद करा. आपला भारतीय माणूस अडकलेला असेल तर काठमांडूतला भारतीय दूतावास आणि परराष्ट्र मंत्रालयाचा नियंत्रण कक्ष. तिथे पासपोर्ट किंवा ओळखपत्राचा क्रमांक, शेवटचं ठिकाण आणि शेवटचं बोलणं कधी झालं ते तयार ठेवून फोन करा.

किल्लारीच्या वेळी, १९९३ मध्ये, हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, लातूर-उस्मानाबादचे निरोप बाहेर पोचवले होते. नेपाळातही हॅम रेडिओवाले कामाला लागले होते. सगळे टॉवर पडले तर हा मार्ग उरतो. जिल्ह्यात असा कुणी हॅम असेल तर त्याची ओळख करून ठेवायला हरकत नाही.

फसवणूक

आपत्तीच्या पाठोपाठ ‘नेपाळसाठी मोफत रिचार्ज, लिंक दाबा’ असे संदेश फिरतात. सवलतीसाठी लिंक दाबावी लागत नाही, ओटीपी द्यावा लागत नाही. नेहमीसारखा नंबर फिरवायचा, बस. परदेशी नंबरावरून एकच रिंग येऊन बंद झाली तर घाईने उलट फोन करू नका. तो आपल्या वहीतला नंबर आहे का ते आधी बघा. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच कळवा.

नंतर

सवलत संपायची वेळ फोनवर गजर लावून ठेवा. मुदत संपल्यावर चालू राहिलेला कॉल नेहमीच्या दराने लागतो. वडिलांच्या पोस्टपेड बिलात मोफत दिवसांतलेही काही कॉल लावलेले आले होते. कॉलची तारीख, वेळ आणि सवलतीची जाहिरात जपून ठेवली होती म्हणून ते पुढच्या बिलात वजा झाले. तक्रारीसाठी १९८ लावा, तक्रार क्रमांक लिहून घ्या, आणि नाही सुटलं तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जा.

आणि पहिला धक्का म्हणजे शेवटचा धक्का नव्हे. १२ मे २०१५ ला नेपाळात पुन्हा ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. त्या वेळी आमच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, खिळ्याला एक वही टांगलेली होती. प्रत्येकाचं एक पान: जिल्हा, गाव (आता पालिका), वडा, घरचे दोन नंबर, शेजाऱ्याचा एक, मधल्या माणसाचा एक. मोबाईल हरवला, भिजला, चार्जिंग संपलं तरी वही राहते. दरवर्षी जूनमध्ये मंडळी गावाला निघायच्या आधी मी ती पुढे ठेवते आणि सगळे नंबर एकदा लावून बघायला सांगते. गेल्या खेपेला त्यातले तीन बदललेले निघाले.